एका विद्यार्थिनीचा निबंध

विद्यार्थीमित्रहो, निबंध हा शब्द उच्चारतांच तुमच्यापैकीं पुष्कळांचे चेहरे उतरतात, हें आम्हां शिक्षकांस ठाऊक आहे. गणितास उत्तर असतें, इतिहासास सनावळ्या असतात, भूगोलास नकाशा असतो; निबंधास काय असतें? मग आरंभीं एखादें सुभाषित, मध्यें थोडें सृष्टिवर्णन आणि शेवटीं उपदेश, अशी तीन पायऱ्यांची शिडी उभी करून तुम्ही वहीचें पान भरतां. त्या पानावरील नांव झांकून ठेविलें, तर तें कोणीं लिहिलें हें तुमच्या आईलाही ओळखतां येणार नाहीं. भाषा शुद्ध, अक्षर वळणदार, आणि आंत लिहिणारा कोठेंच नाहीं! असें कां होतें, आणि तें टाळावें कसें, हें नुसत्या उपदेशानें सांगण्याऐवजीं एका शाळकरी मुलीनें खरोखरच लिहिलेल्या निबंधावरून दाखवावें, असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

ही मुलगी म्हणजे मुक्ताबाई. आज तिला मुक्ता साळवे या नांवानें ओळखतात. ती मांग समाजांतली असून पुण्यास जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेंत शिकत होती. जोतीराव स्वतः स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकलेले. त्यांनीं सन १८४८ मध्यें पुण्यांत मुलींची शाळा काढिली, आणि पुढें १८५२ च्या सुमारास, ज्यांस कोणी शाळेच्या पायरीशीं उभें करीत नसत अशा महार-मांगांच्या मुलांसाठींही शाळा उघडली. तेथें थोडीं वर्षें अभ्यास केल्यावर, वयाच्या सुमारें चौदाव्या वर्षीं, मुक्ताबाईनें महार-मांगांच्या दुःखाविषयीं एक निबंध लिहिला. तो ‘ज्ञानोदय’ पत्राच्या १५ फेब्रुवारी व १ मार्च १८५५ च्या अंकांत दोन भागांनीं छापून आला. ‘ज्ञानोदय’ हें अमेरिकन मराठी मिशननें सन १८४२ मध्यें अहमदनगर, म्हणजे आतांचें अहिल्यानगर, येथें सुरू केलेलें पत्र होय.

या तारखांकडे लक्ष द्या. बाळशास्त्री जांभेकरांचें ‘दर्पण’ सन १८३२ मध्यें निघालें. म्हणजे मराठी वृत्तपत्रास तेव्हां पुरीं पंचवीस वर्षेंही झालीं नव्हतीं. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी यावयास अजून दोन वर्षें अवकाश होता. आज तुमच्या हातीं निबंधमालांचे ढीग आहेत. मुक्ताबाईपुढें तिच्यासारख्या मुलीनें लिहिलेला एकही नमुना नव्हता. शिवाय तिचा वाचक कोण होता, याचाही विचार करा. मराठी छापील अक्षर वाचूं शकणारे लोक त्या काळीं थोडे, आणि त्यांतले बहुतेक, तिच्या जातीची सावलीही टाळणाऱ्या घरांतले. ज्यांच्याविरुद्ध गाऱ्हाणें मांडावयाचें, त्यांच्याच पुढें तें मांडावयाचें, असा तो प्रसंग होता. तो तिनें कसा निभावला, हें आपण क्रमानें पाहूं.

पहिली गोष्ट तिच्या युक्तिवादाची. वेद हे आमचेच, इतरांनीं ते पाहूंही नयेत, असें त्या काळचे शास्त्री सांगत. मुक्ताबाई या म्हणण्यावर चिडून तुटून पडत नाहीं. ती क्षणभर तें खरें धरून चालते आणि त्यांतून काय निघतें हें दाखविते. तिच्या म्हणण्याचा आशय असा कीं, ग्रंथ आमचा नसेल, तर त्या ग्रंथावरून आम्हांस बांधतां कसें येईल? नुसतें पाहणें हें जर पाप, तर त्याप्रमाणें वागणें हें आमच्याकडून अपेक्षितां कसें? इतर सर्व लोकांस आपापले धर्मग्रंथ आहेत. आम्हांस एकही नसेल, तर आमचा धर्म कोणता, हें आतां कोणीं सांगावें? वाचक येथें अडकतो. तिचें म्हणणें खोडून काढावयाचें, तर आधीं त्यास स्वतःचें म्हणणें सोडावें लागतें. वादविवाद स्पर्धेंत टेबलावर मूठ आपटणाऱ्या वक्त्यांनीं हें नीट ध्यानांत घ्यावें. प्रतिपक्षाचें म्हणणें त्याच्याइतकेंच स्पष्ट मांडतां येणें ही वादाची पहिली तयारी आहे. आवाज चढविणें ही नव्हे.

दुसरी गोष्ट उदाहरणांची. दुःख हा शब्द निबंधाच्या विषयांत आहे. पण दुःख फार मोठें होतें, अपार होतें, असें म्हणून ती थांबत नाहीं. ती दाखविते. वरच्या जातींचीं मुलें दगड मारतात, रक्त निघतें, तरीही महार-मांगांचीं पोरें तक्रार करीत नाहींत. कारण उष्टें मागावयास पुन्हां त्याच घरीं जावयाचें असतें. या एका गोष्टींत गरिबी आहे, भीति आहे, आणि लहान वयांत आलेलें जाणतेपणही आहे. आणि यांपैकीं एकही शब्द तिला वापरावा लागलेला नाहीं. पुढें ती बाळंतपणाविषयीं लिहिते. आपल्या जातीच्या बायका प्रसूत होतात तेव्हां डोक्यावर छप्परही नसतें, आणि पाऊस व थंडी अंगावर घ्यावी लागते, हें सांगून ती वाचणारांस म्हणते कीं, याचा विचार आपल्या स्वतःच्या अनुभवावरून करून पाहा. ज्याचें जळतें त्याला कळतें, अशी आपल्यांत म्हण आहे. न जळणाऱ्यासही थोडें कळावें, याची ही युक्ति आहे. बाळंतीण कोणत्याही घरांत असते. ऊब आणि आडोसा तिला कोठेंही लागतो. वाचकाच्या घरांतली ओळखीची गोष्ट घेऊन ती त्यास आपल्या उघड्यावरच्या जागेपर्यंत घेऊन येते.

तिसरी गोष्ट ऐकीव माहितीची, व ती थोडी जपून समजून घ्यावयास हवी. मुक्ताबाईनें पेशवाईंतल्या जुलमांचींही वर्णनें केलीं आहेत. पेशवाई सन १८१८ मध्यें संपली; तेव्हां मुक्ताबाईचा जन्मही झाला नव्हता. अर्थात् हें सर्व तिला वडीलधाऱ्या माणसांच्या तोंडून कळलें असणार. ज्या लोकांस लिहूं दिलें नाहीं, त्यांचा इतिहास कागदावर कोठून सांपडणार? तो आजी-आजोबांच्या आठवणींतच राहतो, आणि नातवंडानें लेखणी धरिली तरच तो पुढें टिकतो. म्हणून तिच्या लेखनास साक्षीचें मोल आहे. त्याचबरोबर, कोणतीही साक्ष ऐकतांना ती कोण देत आहे, केव्हां देत आहे, हें वाचकानें विचारावें. मुक्ताबाईनें इंग्रज सरकारच्या राज्याची वाखाणणी केली आहे. तें राज्य या देशास किती महाग पडलें, हें आपण इतिहासाच्या तासाला शिकतों. पण ज्या मुलीच्या हातीं पाटी आली तीच मुळीं त्या राज्यांत, तिनें तसें लिहावें यांत नवल नाहीं. लेखकाच्या जागीं उभें राहून त्याचें म्हणणें समजून घ्यावें आणि मग आपल्या जागीं परत येऊन तें तोलावें. वाचन वाचन म्हणतात तें हेंच.

चौथी गोष्ट शेवटची. दुसऱ्यावर दोष ठेवून निबंध संपविणें सोपें होतें. मुक्ताबाई मात्र आपल्या लोकांकडे वळते, आणि या जुन्या दुखण्यावर विद्या हाच उतारा आहे, ती मिळवा, असें त्यांस विनविते. जिला काल-परवां अक्षरओळख झाली, ती मुलगी आज आपल्या सबंध समाजास शिकावयास सांगते आहे. तिच्या या सांगण्यांत बळ आहे, कारण तिनें तें आधीं स्वतः केलें आहे.

आतां या चार गोष्टींवरून आपण एक भेद स्पष्ट करून घेऊं. दुसऱ्याचें मन आपल्याकडे वळविण्याचे दोन मार्ग आहेत: एक पटविणें, दुसरा भुलविणें. दोहोंतही शब्दांची शक्ति लागते, म्हणून ते वरवर सारखे दिसतात. पण पटविणारा आपलीं कारणें उघड्यावर मांडतो आणि ऐकणारास तपासावयास वेळ देतो. भुलविणारास तपासणी नको असते. त्यास घाई असते. साबणाच्या जाहिरातींत, निवडणुकीच्या भाषणांत, आणि आतां तर खिशांतल्या मोबाईलवर दिवसभर येणाऱ्या निरोपांत, हे दोन्ही प्रकार मिसळलेले असतात. साहित्याच्या तासाला आपण शब्द कसे काम करितात हें शिकतों, तें केवळ परीक्षेसाठीं नव्हे. ज्यास मुक्ताबाईचा युक्तिवाद पायरी-पायरीनें उलगडतां आला, त्यास उद्यां कोणी सहज भुलवूं शकणार नाहीं.

येथें तुमच्यापैकीं कोणी म्हणेल, “गुरुजी, तिच्याजवळ सांगण्यासारखें एवढें मोठें दुःख होतें, आमच्याजवळ काय आहे? आणि लिहिण्याची देणगी तर जन्मतःच असावी लागते.” या शंकेचें उत्तर आपल्या वारणेच्या खोऱ्यांतच आहे. वाळवें तालुक्यांतील वाटेगांव येथें सन १९२० मध्यें अण्णाभाऊ साठे यांचा जन्म झाला. तेही मुक्ताबाईच्याच समाजांतले. शाळा त्यांच्या वांट्यास जवळजवळ आलीच नाहीं. मुंबईस गिरणींत राबतांना त्यांनीं वाचनलेखन आपलेंसें केलें. पुढें त्यांनीं कथा, लावण्या, पोवाडे आणि कादंबऱ्या लिहिल्या. ‘फकिरा’ ही कादंबरी सन १९५९ मध्यें प्रसिद्ध झाली. ती त्यांनीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीस अर्पण केली आहे. त्यांच्या एका कादंबरीचें नांवच ‘वारणेच्या खोऱ्यांत’ असें आहे. ज्या मातींतून तुम्ही रोज शाळेस येतां, तींच हीं शेतें आणि तेच हे डोंगर त्यांनीं डोळे उघडे ठेवून पाहिले आणि त्यांतून साहित्य निर्माण केलें. देणगी असेल ती असो. पाहण्याची संवय मात्र प्रत्येकास लावून घेतां येते.

तेव्हां पावसाळ्यावर निबंध लिहावयाचा झाला, तर ‘सृष्टीनें हिरवा शालू नेसला’ हें वाक्य एक वर्षभर बाजूस ठेवा. सन २०१९ च्या महापुरांत कोल्हापूर-सांगलीकडील गांवांत पाणी शिरलें तेव्हां तुमच्या घरच्यांनीं किंवा पाहुण्यांनीं सर्वांत आधीं काय उचललें, तें विचारून लिहा. गुऱ्हाळावर लिहावयाचें, तर चुलवाणांत चिपाडें सारणाऱ्या माणसाच्या हातांकडे पाहून लिहा. आणि हंगाम सुरू झाला म्हणजे दूरच्या जिल्ह्यांतून ऊसतोडीसाठीं कुटुंबें येतात, फडाजवळ खोप्या घालून राहतात. त्यांतलीं तुमच्याच वयाचीं मुलें कोयता चालविणाऱ्या आईबापांमागें मोळ्या उचलतात, आणि गांवाकडे त्यांची शाळा चालूच असते. त्यांतल्या एकाशीं बोलून पाहा. त्याचें पुस्तक कोठें आहे, तो कोणत्या इयत्तेंत होता, हें विचारा. पुढें एखादे वर्षीं असा मुलगा तुमच्या वर्गांत येऊन बसला, तर तो जें लिहील तें ऐकण्याची तयारी ठेवा. कदाचित् तुमच्या सर्वांच्या निबंधांपेक्षां त्याचा निबंध मोलाचा ठरेल.

पालकहो, आतां दोन शब्द आपणांस. मुक्ताबाईच्या नांवावर आज हा एकच निबंध आहे. तो उरला याचें कारण, तिला लिहावयास शिकविणारे गुरु मिळाले, आणि मुलीचें लेखन म्हणून तें बाजूस न सारतां छापणारें एक पत्र मिळालें. सन १९९१ मध्यें भारतीय स्त्रियांच्या लेखनाचा एक मोठा संग्रह इंग्रजींत निघाला, त्यांत या निबंधाचा अनुवाद घेतला गेला, आणि परदेशांतल्या महाविद्यालयांपर्यंत तो पोंचला. त्याच पिढींतल्या दुसऱ्या किती मुलांमुलींनीं कांहीं लिहिलें असेल, आणि तें चुलींत किंवा रद्दींत गेलें असेल! आपल्या कोल्हापूर संस्थानांत मिशनरी वाइल्डर साहेब सन १८५२ मध्यें आले व शाळा सुरू झाल्या. छत्रपति शाहू महाराजांनीं सन १९१७ मध्यें प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत केलें. शाळेचें दार त्यामुळें उघडलें. पण दार उघडल्यावर आंत आलेलें मूल काय म्हणतें, हें ऐकून घेणें अद्याप आपल्याच हातीं आहे. मुलानें घरीं वही उघडून कांहीं वाचून दाखविलें, तर गुण किती मिळाले हें विचारण्यापूर्वीं तें शेवटपर्यंत ऐकावें. अक्षर वाईट असेल तर तें मागाहून सांगतां येईल.

विद्यार्थीमित्रहो, पुढील अंकासाठीं या वर्षापासून एक नियम करूं. तुमचा निबंध दोन पानांहून मोठा नसावा. त्यांत तुम्ही स्वतः पाहिलेली किंवा घरच्या वृद्ध माणसाकडून ऐकलेली एक तरी गोष्ट असावी, व ती कोणाकडून ऐकली हें लिहिलेलें असावें. तुमचें म्हणणें ज्यास पटणार नाहीं, अशा एका माणसाचें म्हणणें त्यांत प्रामाणिकपणें मांडलेलें असावें, आणि त्यास तुमचें उत्तर असावें. शेवटीं, जें व्हावें असें तुम्हांस वाटतें, त्यांतलें तुम्ही स्वतः काय करणार, हें एका वाक्यांत असावें. असे निबंध दिवाळीच्या सुटीनंतर वर्गशिक्षकांकडे द्यावेत. छापले जातील ते जातील. बाकीचेही वाचनालयांतील कपाटांत नीट बांधून ठेवण्यांत येतील, म्हणजे ज्यास हवे असतील त्यास ते केव्हांही वाचतां येतील.