जुनी गाडी आणि सातवी आज्ञा



जुनी गाडी देऊन नवी घेताना अनेकांना मनस्ताप होतो. फोनवर एक किंमत सांगतात. शोरूममध्ये टायर, ओरखडे दाखवून ती उतरवतात. नव्या गाडीवर दिलेली सूट जुनीच्या किमतीतून कापून घेतात. माल वाईट म्हणून भाव पाडणारा आणि मागून बढाई मारणारा गिऱ्हाईक नीतिसूत्रांनाही ठाऊक आहे (२०:१४).

दुसऱ्याच्या अज्ञानाचा वा अडचणीचा फायदा घेऊन किंमत वाढवणे हा सातव्या आज्ञेचा भंग आहे, असे ख्रिस्तसभेचे धर्मशिक्षण सांगते (क्र. २४०९). भाव पाडण्यालाही तोच न्याय लागू पडतो. आणि तो आपल्यालाही लागू आहे. २६ जुलै २००५ च्या पुरात उपनगरांतील कितीतरी गाड्या बुडाल्या. अशी गाडी विकताना ते लपवणे हीसुद्धा चोरीच.

सावधपणा हे पाप नव्हे. दोन-तीन ठिकाणी भाव विचारा. जुन्या गाडीची किंमत आणि नवीवरील सूट वेगवेगळी लिहून घ्या. विम्याचा ‘नो क्लेम बोनस’ गाडीचा नसून मालकाचा असतो. तो मागून घ्या. अधिकृत विक्रेत्याकडे गाडी सोपवताना नमुना २९-सी भरून त्याची नोंद आरटीओकडे होते ना, ते पाहा. नाव बदलले नाही तर पुढील अपघाताची भरपाई नोंदणीतील मालकावर येते, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल आहे.

आपले ‘होय’ ते होय असावे, ही प्रभूची शिकवण (मत्तय ५:३७) शोरूमच्या टेबलावरही पाळू या.