आधी काहिलीपाशी जाऊन उभी राहा

गूळवाल्यांची वेबसाइट करायला घेतलीस आणि डोक्यात काहीच येत नाही म्हणतेस, तर मामाचं पहिलं सांगणं ऐक. पिंटरेस्ट बंद कर. तिथे ‘ऑरगॅनिक’ म्हणून शोधलंस की हिरवं पान, खाकी कागदाचा पोत आणि त्यावर नाजूक इंग्रजी अक्षरं, हेच पुढ्यात येणार. ते काम वाईट असतं असं नाही. पण ते दुसऱ्या कुणाच्या तरी चहाचं किंवा साबणाचं उत्तर असतं, आणि तयार उत्तर समोर आलं की आपला प्रश्न काय होता तेच विसरायला होतं. संदर्भ जरूर बघ, पण वहीत स्वतःची कच्ची रेखाटनं झाल्यावर.

कोल्हापूरकडे जा, गुऱ्हाळं पेटलेली असतात तेव्हाच जा. चुलवाणात चिपाडं सारणारा माणूस बघ, मळी वर यावी म्हणून रसात घातलेलं भेंडीचं पाणी बघ. काहिलीत पडतो तेव्हा रस मळकट हिरवा असतो. आटत जाईल तसा पिवळा होतो, मग केशरी, आणि गुळव्या थेंब पाण्यात टाकून गोळी होते का पाहतो तोवर तपकिरीकडे झुकलेला असतो. तुझी रंगसंगती याच क्रमात आहे. ती नेटवरच्या तयार पट्ट्यांत सापडायची नाही. आणि ढेप थंड होऊन सुटली की तिच्या अंगावर कापडाची वीण उमटलेली दिसेल. तिच्यावरून बोट फिरव, ती वीण वहीत काढून घे. पानाच्या पार्श्वभूमीला पोत हवा असेल तर तो हाच. या मालाच्या अंगचा आहे, दुसऱ्या कुणाला उसना घेता येणार नाही.

फोटो मागाहून काढ. मोबाइल सगळंच टिपतो. पेन्सिल हातात असली की काय ठेवायचं नि काय गाळायचं ते तिथल्या तिथे ठरवावं लागतं, आणि आपलं अर्धं काम तेच आहे.

अक्षरांसाठी कमल शेडगे यांचं ‘माझी अक्षरगाथा’ कुठूनही मिळव. वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिराती म्हणजे इवलीशी चौकट, काळी शाई, रंगाची मदत नाही. तरी त्यांनी काढलेलं शीर्षक बघून नाटकाचा बाज कळायचा. त्यातल्या एखाद्या शीर्षकावर ट्रेसिंग पेपर ठेवून गिरव. शिरोरेषा कुठे तोडलीय, वेलांटी कुठवर ओढलीय, हे नुसतं बघून जेवढं कळतं त्याहून जास्त बोटांना कळतं. वळण उचलायचं नाही, ते त्या नाटकाचं आहे. ते तसं का काढलं, एवढंच आपल्याकडे घेऊन यायचं.

हाताचं काम आणि स्क्रीनचं काम वेगळं, असं कुणी म्हणालं तर र. कृ. जोशी आठव. जन्मभर सुलेखन केलेला, जाहिरातीत मुरलेला, पवईच्या आयआयटीत शिकवणारा हा माणूस. विंडोजवर वर्षानुवर्षं आपण ज्या ‘मंगल’ फाँटमध्ये मराठी वाचलं, तो त्यांच्याच हातचा.

मांडणी अडली की स्वयंपाकघरात जाऊन कालनिर्णयसमोर उभी राहा. १९७३ पासून ते आपल्या भिंतींवर आहे, म्हणून त्याच्याकडे नीट बघायचंच राहून जातं. तारीख खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसते. जवळ गेलं की तिथी दिसते, आणि संकष्टीच्या चौकटीत चंद्रोदयाची वेळ, जी आजी चष्मा लावून शोधते. एवढं करूनही घरातली बाई त्याच चौकटीत दुधाचा हिशेब लिहिते. एका चौकटीत लांबून बघणारा, जवळून वाचणारा आणि लिहिणारा, तिघांची सोय. गुळाच्या पानावर लांबून काय दिसायला हवं? वजन आणि भाव. गूळ कसा करतात ते जवळ येणाऱ्यासाठी.

आता थोडं रोजच्या कामाचं. खोटा इंग्रजी मजकूर भरून मांडणी ठरवू नकोस. इंग्रजी ओळीला वर मात्रा नाही, खाली उकार नाही. मराठी मजकूर आला की सगळं एकमेकांत घुसतं. ‘कर्तृत्व’, ‘वैशिष्ट्यपूर्ण’, ‘दृष्टी’ हे शब्द एकाखाली एक लिहून बघ, ओळींमध्ये किती मोकळीक लागते ते लगेच दिसेल. मी अक्षराच्या आकाराच्या दीडपटीहून थोडी जास्तच ठेवतो. आणि अक्षरांतलं अंतर वाढवायचा मोह टाळ, शिरोरेषेचे तुकडे पडतात. इंग्रजी शीर्षकाला ते शोभतं, आपल्याला नाही. फाँटला पैसे नसतील तर ‘मुक्ता’ आणि ‘बलू’ फुकट मिळतात, मुंबईच्याच ‘एक टाइप’ने केलेले. मजकुराला मुक्ता घे, बलू ठळक शीर्षकापुरता.

पहिला आराखडा झाला की तो ऑफिसातल्या मोठ्या स्क्रीनवर दाखवू नकोस. गुळव्याच्याच मोबाइलवर उघड, गुऱ्हाळाबाहेर, भर उन्हात. त्याला काय वाचता येत नाही ते त्याच्याकडूनच लिहून घे. मजकूर पक्का झाला की मला पाठव, जोडाक्षरं मी तपासून देतो.