ज्याला आपण ‘औषध’ म्हणतो

आमच्याकडे कीटकनाशकाला कोणी कीटकनाशक म्हणत नाही. ‘औषध मारायचंय’, ‘औषध संपलं’ असेच सारे बोलतात. कायद्याने मात्र अतिविषारी बाटलीवर कवटी आणि ‘विष’ हा शब्द छापण्याची सक्ती केली आहे. एकाच वस्तूची ही दोन नावे मला प्रथम उमगली ती नववीत असताना. आज राज्यशास्त्राच्या तासाला कायदा आणि अंमलबजावणी यांविषयी सर बोलू लागले, की मला तीच बाटली आठवते.

आमचे गाव कल्याणहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यालगत आहे. भात निघाला की आम्ही भेंडी लावतो. ती पहाटेच्या टेम्पोने कल्याणच्या बाजार समितीत जाते आणि तेथून डोंबिवली-ठाण्याच्या घराघरांत. आपल्यापैकी कित्येकांच्या डब्यात ती आलीही असेल. त्या वर्षी भेंडीवर कीड फार होती. बाबांनी दुकानदाराला विचारून एक बाटली आणली, तोंडाला टॉवेल गुंडाळला आणि अनवाणी दिवसभर पंप मारला. संध्याकाळी त्यांना उलट्या सुरू झाल्या, तोंडातून लाळ गळू लागली, डोळ्यांना अंधुक दिसू लागले. कल्याणच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, ‘‘बाटली आणलीत का?’’ बाटली बांधावरच राहिली होती. चुलत्यांनी मोटारसायकलवरून ती आणली. मग ॲट्रोपिनची इंजेक्शने सुरू झाली आणि बाबा वाचले.

दवाखान्याच्या बाकावर बसून मी बाटलीबरोबरचे घडीचे पत्रक उघडले. औषधाचे नाव होते मोनोक्रोटोफॉस. मुंगीएवढ्या अक्षरांत, पण चांगल्या मराठीत, सारे काही लिहिले होते : हातमोजे घालावेत, वाऱ्याच्या दिशेविरुद्ध फवारू नये, विषबाधेवर उतारा ॲट्रोपिन. आणि एक ओळ अशी होती, की भाजीपाल्यावर याचा वापर करण्यास बंदी आहे. ती बंदी २००५ सालची. म्हणजे कायदा बाटलीपर्यंत येऊन पोहोचला होता. पुढे मात्र तो आलाच नाही. बाबा चौथीपर्यंत शिकलेले, आणि दुकानदाराने ‘भेंडीवर मारा’ असे तोंडी सांगितलेले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. तोवर अशी पत्रके आमच्याकडे चूल पेटवायला जात.

या कायद्याचा जन्मही एका अपघातातून झाला. १९५८ साली केरळात पॅराथिऑन हे विष जहाजावरच्या धान्यात मिसळले आणि शंभरावर माणसे दगावली. चौकशीसाठी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जे. सी. शहा यांचा आयोग नेमला गेला. पुढे १९६८ चा कीटकनाशके अधिनियम आला आणि १९७१ साली त्याचे नियम झाले. पत्रकात इंग्रजी-हिंदीबरोबर प्रादेशिक भाषा हवी, ही अट त्या नियमांतलीच. पतंगाच्या आकाराची जी चौकट आपण बाटलीवर पाहतो, तिच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग विषाची तीव्रता सांगतो. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. प्रयोगातील निम्मे प्राणी मरण्यास वजनाच्या दर किलोमागे ५० मिलिग्रॅमपर्यंत विष पुरत असेल तर लाल. ५००० हून अधिक लागत असेल तर हिरवा. निरक्षरालाही कळावे अशी ही योजना खरोखर चांगली आहे. पण आमच्या गावात हिरवा रंग म्हणजे ‘पिकाला चांगले’ आणि लाल म्हणजे ‘जोरदार’, असा अर्थ लावलेला मी स्वतः ऐकला आहे!

यवतमाळची गोष्ट याहून मोठी. २०१७ च्या पावसाळ्यात तेथे कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती. त्या दाटीत शिरून फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मरण पावले आणि शेकडो आजारी पडले. पुष्कळांनी दोन-तीन औषधे एकत्र कालवली होती. राज्य सरकारने नोव्हेंबरमध्ये काही जिल्ह्यांत मोनोक्रोटोफॉससह पाच उत्पादनांच्या विक्रीस मनाई केली, तीही ६० दिवसांपुरती. कारण औषधाची नोंदणी केंद्राची समिती करते. राज्याच्या हाती विक्रीचे परवाने, तपासणी आणि अशी तात्पुरती मनाई एवढेच होते. ज्याच्या दवाखान्यात माणूस मरतो त्याच्या हाती कायमची बंदी नसावी, ही वाटणी मला पटत नाही. शिवाय नोव्हेंबरपर्यंत फवारणीचा मुख्य हंगाम सरलेला असतो, हे कोणताही शेतकरी सांगेल.

‘मग जैविक औषधे वापरा’, असे शहरातल्या मैत्रिणी म्हणतात. त्यांचा हेतू चांगला आहे. पण ट्रायकोडर्मा ही बुरशी किंवा बीटी हा जिवाणू यांनाही याच कायद्याखाली नोंदणी लागते, आणि ती अट योग्यच आहे, कारण पुडीत काय आहे हे डोळ्यांनी कळत नाही. ट्रायकोडर्माच्या एका ग्रॅममध्ये किमान वीस लाख जिवंत घटक हवेत असा दंडक आहे. कारखान्यातून निघताना ते असतीलही. परंतु एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या दुकानात पडून राहिलेल्या पुडीत किती जिवंत उरतात? रासायनिक औषध उन्हात तापले तरी बहुधा मारते. जैविक औषध आधी स्वतःच मरते. बाबांनी एकदा ती पुडी वापरली, गुण आला नाही, आणि जैविक सारे खोटे असे त्यांनी ठरवून टाकले. कृषी खात्याची कीटकनाशक तपासणी प्रयोगशाळा ठाण्यातही आहे, पण तिच्याकडे आपली पुडी न्यावी असे आमच्या गावात कोणाला सुचल्याचे मी ऐकलेले नाही.

मोनोक्रोटोफॉसच्या त्या ३६ टक्के द्रावणाची नोंदणी रद्द करण्याचा आदेश अखेर २०२३ साली निघाला. भाजीपाल्यावरील बंदीनंतर अठरा वर्षांनी.

आता गावातील पाच-सात घरे फवारणीपूर्वी बाटल्या माझ्याकडे आणतात. गेल्या महिन्यात शेजारचे काका दोन बाटल्या घेऊन आले. दोन्ही एकाच पंपात कालवायच्या होत्या. मी दोन्ही पत्रके शेवटपर्यंत वाचली. दोन्हींत अशा मिश्रणाबद्दल एक अक्षर नव्हते. मी म्हटले, ‘‘काका, वेगवेगळ्या दिवशी मारा.’’ त्यांनी बाटल्या पिशवीत टाकल्या आणि म्हणाले, ‘‘पोरी, दोनदा मजुरी कुठनं देऊ?’’