प्रवाळांचा प्रकाश : शाळेत तयार करता येणारी एल.ई.डी. प्रकाशपट्टी

मांडूचे पठार समुद्रसपाटीपासून ६०० मीटरहून अधिक उंच असून समुद्र तेथून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर आहे. तथापि याच धार जिल्ह्यातील बाघ परिसराच्या खडकांत समुद्री जीवांचे असंख्य जीवाश्म आढळतात. सुमारे ९ ते १० कोटी वर्षांपूर्वी समुद्राचा एक फाटा नर्मदेच्या खोऱ्यात शिरला होता, त्याचे हे अवशेष होत. पुढे लाव्हारसाच्या थरांनी तो प्रदेश झाकला गेला व मांडूच्या पठाराचा काळा दगड तयार झाला. बाघ येथील एका थरास भूशास्त्रज्ञांनी ‘कोरलाईन लाइमस्टोन’, म्हणजे प्रवाळसदृश चुनखडी, असे नाव दिले. प्रत्यक्षात त्यातील फांदीसारखे तुकडे मुख्यतः ब्रायोझोआ नावाच्या निराळ्या प्राण्यांचे आहेत. तेव्हा प्रवाळ म्हणजे नेमके काय, हा प्रश्न धार-देवासकडील विद्यार्थ्यालाही परका नाही.

प्रवाळ हा दगड नव्हे व वनस्पतीही नव्हे. तो प्राणी आहे. खडक बांधणाऱ्या प्रवाळांच्या शरीरात सूक्ष्म शैवाले राहतात. ती सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने अन्न तयार करतात आणि त्यातील मोठा वाटा प्रवाळास मिळतो. समुद्राचे पाणी फार तापले की हे शैवाल बाहेर टाकले जाते, प्रवाळ पांढरे पडते आणि ही स्थिती लांबल्यास मरते. म्हणून प्रवाळांच्या पेटीत प्रकाश ही शोभेची वस्तू नसून अन्नाचे साधन असते.

निळा रंग कशासाठी ?

पाण्यात शिरलेल्या प्रकाशातील तांबडा भाग पहिल्या काही मीटरांतच बहुतांशी शोषला जातो. स्वच्छ समुद्रात निळा प्रकाश सर्वांत खोल पोहोचतो. प्रवाळांतील शैवालांची रंगद्रव्ये हा निळा प्रकाश चांगला शोषून घेतात. म्हणून अशा पेट्यांवर ४४० ते ४६० नॅनोमीटर तरंगलांबीचे निळे व त्यांच्या जोडीला पांढरे एल.ई.डी. वापरतात. प्रखर निळा एल.ई.डी. शक्य करणाऱ्या इसामु आकासाकी, हिरोशी अमानो व शुजी नाकामुरा या शास्त्रज्ञांना २०१४ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले.

कायद्याची मर्यादा

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत खडक बांधणाऱ्या प्रवाळांचा २००१ मध्ये समावेश झाला. किनाऱ्यावरून ते तोडून आणणे हा गुन्हा आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात १९८७ मध्ये मालवण सागरी अभयारण्य घोषित झाले. सहलीस जाणाऱ्यांनी तेथील प्रवाळ पाहावे, उचलू नये. शाळेने प्रवाळ न पाळता तीच प्रकाशपट्टी गोड्या पाण्यातील हायड्रिलावर वापरावी. प्रकाशाने अन्न तयार होते हे मूलतत्त्व तेथेही स्पष्ट दिसते.

जुळणी

साधारण ६० सेंटिमीटर लांबीच्या काचेच्या पेटीसाठी ३ वॉटचे ६ निळे व ६ पांढरे एल.ई.डी. पुरतात. प्रत्येक रंगाचे ६ दिवे एकसर जोडणीत ठेवून त्यांस स्वतंत्र ड्रायव्हर द्यावा, म्हणजे दोन्ही रंग वेगवेगळे लावता येतात. प्रत्येक दिव्यास सुमारे ३.२ व्होल्ट लागतात. म्हणून एका ओळीस सुमारे १९ व्होल्ट. ड्रायव्हर ७०० मिलिॲम्पिअर स्थिर प्रवाह देणारा, १९ व्होल्ट ज्याच्या मर्यादेत बसतात असा आणि मुख्य विजेपासून विलग असावा. दोन्ही ओळी मिळून सुमारे २७ वॉट वीज लागते.

१. दिवे पंख असलेल्या ॲल्युमिनियमच्या पट्टीवर उष्णतावाहक लेप लावून घट्ट बसवावेत. विजेचा बराच भाग उष्णतेत जातो. ती बाहेर न गेल्यास दिवा लवकर निकामी होतो.
२. धन टोक पुढील दिव्याच्या ऋण टोकास जोडीत तारांना डाख द्यावा.
३. तारा व ॲल्युमिनियम यांचा कोठेही संपर्क नाही, हे वीज जोडण्यापूर्वी मल्टिमीटरने पाहावे.
४. दिव्यांखाली ॲक्रिलिकचा पारदर्शक पत्रा लावावा व पट्टी पाण्यापासून २० ते ३० सेंटिमीटर उंच पक्की टांगावी.

ड्रायव्हर पेटीपासून दूर व पाण्याच्या पातळीहून उंच ठेवावा. तारेस खाली झोळ द्यावा, म्हणजे ओघळलेले पाणी प्लगात न जाता तेथूनच गळेल. अर्थिंग व ३० मिलिॲम्पिअरचे गळतीरोधक उपकरण असल्याशिवाय वीज सुरू करू नये. मुख्य विजेची जोडणी जाणकार तारतंत्र्यानेच करावी. विद्यार्थ्यांनी पेटलेल्या निळ्या दिव्याकडे रोखून पाहू नये.

प्रयोग

हायड्रिलाची ताजी फांदी कापलेले टोक वर करून पाण्यात ठेवावी व चिमूटभर खाण्याचा सोडा घालावा. पट्टी प्रथम १५ व नंतर ३० सेंटिमीटर अंतरावर ठेवून दर मिनिटास निघणारे बुडबुडे मोजावेत. प्रत्येक बदलानंतर पाच मिनिटे थांबावे आणि पाण्याचे तापमान सारखे राखावे. अंतर वाढले की बुडबुडे कमी होतात. मग केवळ निळा व केवळ पांढरा प्रकाश देऊन नोंदी घ्याव्यात व तक्ता वर्गात लावावा.

या प्रयोगाने खडकाळ पठारावरील मुलांना एक गोष्ट कळेल. समुद्र गढूळ झाला की प्रवाळापर्यंत पोहोचणारा प्रकाश कमी होतो आणि त्याबरोबर त्याचे अन्नही कमी होते. ज्याला हे आकडे स्वतःच्या वहीत दिसले, तो प्रवाळाचा तुकडा शोभेसाठी विकत घेणार नाही, ही अपेक्षा वावगी ठरू नये.