देवासाठी राखलेले पाणी

बृहदारण्यक उपनिषदात एक छोटी कथा आहे. देव, मानव आणि असुर ही प्रजापतीची तिन्ही लेकरे त्याच्यापाशी राहून शिकली. निघताना प्रत्येकाने उपदेश मागितला. प्रजापतीने तिघांनाही एकच अक्षर सांगितले, 'द'. भोगात रमलेल्या देवांना त्यात दमन ऐकू आले, म्हणजे इंद्रियांना आवर घालणे. साठवून ठेवण्याची हाव असलेल्या माणसांनी त्याचा अर्थ दान असा घेतला. आणि क्रूर असुरांना त्याच अक्षरात दया ऐकू आली. तिघांनाही प्रजापती म्हणाला, तुम्हाला बरोबर समजले.

यावर आद्य शंकराचार्यांनी भाष्यात एक मार्मिक सूचना केली आहे. देव आणि असुर कुठे बाहेर शोधायला नकोत, ते माणसांतच आहेत. म्हणजे 'दया करा' हा उपदेश कुणा शिंगे असलेल्या राक्षसाला नसून आपल्यालाच आहे. पुढे गीतेत बाराव्या अध्यायात भक्ताची लक्षणे सांगताना सुरुवातच कुणाचाही द्वेष न करणे, मैत्री आणि करुणा यांनी होते. पूजाविधीची यादी तिथे नाही.

शास्त्रातला हा शब्द महाराष्ट्रात घराघरांत पोहोचवला तो संतांनी. मराठीने त्याला स्वतःचा शब्दही दिला, कळवळा. या शब्दात 'कळ' ऐकू येते. दुसऱ्याला दुखले की आपल्या पोटात काहीतरी हलते, ते त्यात आहे. मात्र संतांच्या कथा बारकाईने पाहिल्या तर त्या एवढ्यावर थांबत नाहीत असे दिसते.

पैठणच्या एकनाथ महाराजांची (१५३३–१५९९) गाढवाची गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. काशीहून गंगेची कावड खांद्यावर घेऊन रामेश्वराला जायचे आणि त्या पाण्याने शिवाला अभिषेक करायचा, असे ते व्रत. वाट पायी, शेकडो कोसांची. वाटेत तापलेल्या वाळूत एक गाढव तहानेने तडफडत होते. नाथांनी कावड खाली ठेवली आणि ते पाणी त्याच्या तोंडात ओतले. बरोबरीचे यात्रेकरू हळहळले, एवढे श्रम वाया गेले म्हणाले. नाथांना मात्र रामेश्वराने इथेच पूजा घेतली असे वाटले. काही कीर्तनकार ही घटना रामेश्वराच्या वाटेवर सांगतात, तर काही गोदावरीच्या वाळवंटात.

गोदावरीकाठची गोष्ट सांगितली की चौकस मुले विचारतात, "मग नदीचे पाणी का नाही आणून दिले?" प्रश्न चांगला आहे, तो हसून टाळू नये. नदीपर्यंत जाऊन परत यायला वेळ लागतो. तेवढ्यात गाढव मेले असते. हाताशी जे पाणी होते ते देवासाठी राखलेले होते, आणि नाथांनी नेमके तेच दिले. उरलेसुरले, नको असलेले देणे वेगळे. स्वतःच्या पुण्याची शिदोरी मोडून देणे वेगळे.

नाथांच्या घरच्या श्राद्धाची कथा याच धाटणीची आहे, पण ती मुलांना कमी सांगितली जाते. पितरांसाठी स्वयंपाक तयार होता. त्या काळी अस्पृश्य मानलेले एक कुटुंब घरावरून जात होते. अन्नाचा वास आला, लेकरे भुकेली होती. नाथांनी आणि गिरिजाबाईंनी त्यांना बोलावून ते सगळे अन्न वाढले. आमंत्रित ब्राह्मण रागावले. नव्याने केलेल्या स्वयंपाकालाही त्यांनी हात लावला नाही. तेव्हा प्रत्यक्ष पितरच पानावर येऊन जेवून गेले, असे कथा सांगते. चमत्कारावर कुणाचा विश्वास असो वा नसो, मला यात गिरिजाबाई फार मोठ्या वाटतात. सोवळ्यात रांधलेले सगळे अन्न संपल्यावर पुन्हा चूल पेटवायची होती त्यांना! आपल्या कीर्तनांत त्यांच्या वाट्याला जेमतेम एखादे वाक्य येते.

विसाव्या शतकात हीच रीत गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) चालवली. बाबा एखाद्या गावात आले की आधी हातात खराटा घेऊन रस्ते झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे. पंढरपूरला वारंवार जाऊनही त्यांचा ओढा देवळाच्या गाभाऱ्याकडे नव्हता, तर वाळवंटात उघड्यावर पडलेल्या वारकऱ्यांकडे होता. लोकांनी भक्तीने दिलेला पैसा त्यांनी देवळांपेक्षा माणसांसाठी वापरला. पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा ठिकाणी धर्मशाळा बांधल्या. पंढरपुरातली एक चोखामेळ्याच्या नावाची होती. ज्यांना विठोबाच्या देवळात प्रवेश नव्हता, त्यांना निदान पाठ टेकायला जागा मिळावी म्हणून. मंदिर सर्वांना खुले होण्यासाठी साने गुरुजींना १९४७ साली उपोषण करावे लागले. १९४९ साली बाबांनी ती धर्मशाळा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या हवाली केली.

मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळही गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, आणि कर्करोगाच्या उपचारासाठी गावोगावहून येणाऱ्यांसाठी दादरला आहे. आजाऱ्याला खाट मिळते, पण त्याच्याबरोबर आलेली म्हातारी आई रात्री कुठे झोपते? हा प्रश्न पडण्यासाठी डोळे लागतात. तो एकदा पडला की पुढचे काम विटा-मातीचे, हिशेबाचे आणि चिकाटीचे असते.

इथे आपल्या मंडळींत तहानलेले गाढव दिसणार नाही. मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेले आजोबा दिसतील, दिवसभर खिडकीशी बसलेले, ज्यांच्याशी संध्याकाळी सातपर्यंत कुणी मराठी बोलत नाही. नोकरी सुटल्यामुळे व्हिसाची मुदत मोजत बसलेले एखादे जोडपे असेल, जे कार्यक्रमांना येईनासे झाले आहे, आणि "हल्ली दिसत नाहीत" एवढेच आपण म्हणतो. बाळंतीण असते, जिचे आईवडील येऊ शकलेले नाहीत. यांच्यातले कुणीही मदत मागत नाही. मागायला लाज वाटते, शिवाय इथे प्रत्येकजण कामात असतो हे त्यांनाही ठाऊक असते. म्हणून "काही लागले तर सांगा" या वाक्याचा फारसा उपयोग होत नाही. "शनिवारी अकराला येतो, आजोबांना देवळात घेऊन जातो" याचा होतो.

शनिवार हाच तर आपला खरा हिशेबाचा दिवस. आठवडाभर राखून ठेवलेला, मुलांच्या क्लाससाठी, घरकामासाठी, क्वचित स्वतःसाठी. त्यातले दोन तास काढणे म्हणजे आपल्यापुरती कावड खाली ठेवणेच आहे.

उत्सवाच्या महाप्रसादाला दरवर्षी अन्न उरते, आणि ते शेवटी डब्यांत भरून जो तो घरी नेतो. यंदा नैवेद्य दाखवून झाला की पंगत बसण्याआधीच काही डबे भरून ठेवावेत, गरम असताना, मोदकासकट, आणि ते न येऊ शकलेल्यांच्या घरी पोहोचवावेत. कोणत्या घरी, हे मुलांनाही विचारावे. वर्गातल्या कुणाची आई आजारी आहे, कुणाचे बाबा हल्ली दिवसा घरीच असतात, हे त्यांना पुष्कळदा आपल्याआधी कळलेले असते.