आधी नगर, मग आउश्वित्झ

पोरी, सातवी-आठवीच्या वर्गाला ज्यूंच्या संहारावर प्रकल्प देणार म्हणतेस, तर पहिलं हे ऐक: सुरुवात मेलेल्यांपासून करू नकोस. आपल्या पारनेर-शेवगावच्या पोरांनी ज्यू माणूस कधी पाहिलेला नसतो. त्याची पहिली ओळखच प्रेतांच्या फोटोतून झाली, तर पोरं हळहळतात आणि विसरतात. आधी अलिबागकडचे बेने इस्राएल ज्यू सांग. शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवायचे म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत; घरात मराठीच बोलत. पुण्याला सहल निघालीच तर ज्यूंचं लाल देऊळ बाहेरून तरी दाखव. मग हिटलर आण.

हिटलर आला की मागच्या बाकावरून येणारच, "मॅडम, पण तो शिस्तीचा होता ना?" ओरडू नकोस. हिटलरचा 'माझा लढा' आपल्याकडे फुटपाथवर यशाचे मंत्र सांगणाऱ्या पुस्तकांशेजारी विकायला असतो. पोराचा काय दोष? त्यालाच काम दे: १९३३ ते १९३९ मध्ये जर्मनीतल्या ज्यूंच्या हातून काय काय गेलं, ते क्रमाने लिही. सरकारी नोकरी १९३३, नागरिकत्व १९३५, सरकारी शाळेतला बाक १९३८. शाळेपाशी आला की तो स्वतःच गप्प होतो. स्वस्तिकाचा प्रश्नही निघेल, तो दोन मिनिटांत उरक.

खरा प्रकल्प म्हणशील तर कालपट्टी. भिंतीवर लांब कागद लाव, वर अ‍ॅमस्टरडॅम, खाली नगर. जुलै १९४२ मध्ये डायरी लिहिणाऱ्या ज्यू मुलीचं, अ‍ॅन फ्रँकचं, कुटुंब लपलं. ऑगस्टमध्ये नेहरू, पटेल, आझाद आपल्या भुईकोट किल्ल्यात कैदी म्हणून आले. १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबरमध्ये नेहरूंनी इथे 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं. त्याच वर्षी मे महिन्यात अ‍ॅन आपली डायरी छापण्याजोगी व्हावी म्हणून नव्याने लिहायला बसली. तिची शेवटची नोंद १ ऑगस्टची, अटक ४ ऑगस्टला. १९४५ च्या जूनमध्ये नेहरू सुटले, पण अ‍ॅन त्याआधीच बर्गेन-बेल्सेनच्या छावणीत मरण पावली होती.

इथे घाई करू नकोस. दोघंही कोंडलेले, दोघंही लिहिणारे, मग फरक काय, हे पोरांनाच शोधू दे. नेहरूंनी किल्ल्यात बाग केली, त्यांना घरी पत्रं लिहिता येत होती, आणि ते तिथे का आहेत हे साऱ्या देशाला ठाऊक होतं. इंग्रज सरकारला त्यांना गप्प करायचं होतं. हिटलरला अ‍ॅनचं तर जगणंच नको होतं. कैद आणि संहार यांतलं हे अंतर एखाद्या मुलीने आपल्या शब्दांत लिहिलं की प्रकल्प झाला म्हण.

हुशार गट असेल तर त्याला तिसरी ओळ दे. १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच इंग्रजांनी हिंदुस्थानातले जर्मन पुरुष धरून नगरच्या छावणीत ठेवले. त्यांत हिटलरपासून पळून आलेले ज्यूही होते, कारण पासपोर्ट जर्मन! चौकशी करून त्यांतल्या बऱ्याच जणांना पुढे सोडलं. नाझींच्या एसएस दलाचा सदस्य असलेला गिर्यारोहक हाइनरिश हारर, पुढे तिबेटवर पुस्तक लिहिणारा, तोही काही काळ याच छावणीत होता.

कोल्हापूरजवळच्या वळिवडेची पोलिश छावणी मात्र यात मिसळू नकोस. १९४३ ते १९४८ तिथे राहिलेल्या हजारो बायकामुलांना स्टालिनने सैबेरियाकडे हाकललं होतं. तो वेगळा तास.

छावणीचं थर्माकोलचं मॉडेल नको, पट्ट्यापट्ट्यांचे कपडे घालून नाटुकलं नको, रांगोळी तर अजिबात नको. (हे सगळं शाळेच्या प्रदर्शनासाठी कुणीतरी सुचवेलच.) मारलेल्या ज्यूंचा साठ लाख हा आकडा सांगताना एवढंच सांग, की २०११ च्या जनगणनेत आपला अख्खा जिल्हा, चौदाही तालुके धरून, पंचेचाळीस लाखांचा होता. पुढे काही बोलू नकोस.

किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, तेव्हा परवानगीचं आधी बघ. आकारिक मूल्यमापनाच्या रकान्यात गुण भरावेच लागतील. ते तारखा बरोबर लिहिल्याबद्दल दे, डोळ्यांत पाणी आणणाऱ्या निबंधाला नको.