इयत्ता पहिलीचे वर्ष : पालकांशी हितगुज

जूनमध्ये शाळा उघडते त्या दिवशी आमच्या फाटकापाशी जे दृश्य दिसते, ते माजी विद्यार्थ्यांना वेगळे सांगावयास नको. पत्र्याची पेटी, सतरंजीत गुंडाळलेले अंथरूण, आईच्या पदराचे टोक मुठीत धरलेले सहा वर्षांचे मूल, आणि वडिलांच्या तोंडी ठरलेला प्रश्न : "सर, पोरगं कवा वाचाय लागंल?" पूर्वी हा प्रश्न ऐकून आम्ही काहीसे अस्वस्थ होत असू. आता होत नाही. ज्या घरात आजोबा अंगठा उठवीत होते आणि वडील चौथीतून उठून ऊसतोडीला गेले, त्या घराला ही घाई असणारच. परंतु या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर फाटकापाशी उभ्याउभ्या देता येत नाही, म्हणून ते या स्मरणिकेत लिहीत आहोत.

आधी पहिल्या महिन्याविषयी. या महिन्यात मूल शिकेल अशी अपेक्षा पालकांनी ठेवू नये. मूल या महिन्यात केवळ राहावयास शिकते. रात्री दिवा मालवला की रडू येते, एकाचे ऐकून दुसऱ्याला येते. घरी न होणारे अंथरूण ओले होते. कित्येक माता ही गोष्ट प्रवेशाच्या वेळी लाजेने लपवतात. ती आम्हांस आधीच सांगितली, तर मावशी त्या मुलाला रात्री एकदा उठवतात आणि चारचौघांत त्याची फजिती होत नाही. जेवणाचेही तसेच. घरच्या भाकरीची चव येथे नाही हे आम्ही मान्य करतो. पंधरा-वीस दिवसांत मूल पोटभर जेवू लागते. त्याआधी ते वाळले म्हणून घाबरून जाऊ नये. आणखी एक विनंती आहे. मूल खेळात रमले आहे असे पाहून मागच्या मागे निघून जाऊ नका. "पुढच्या रविवारी येतो" असे डोळ्यांदेखत सांगून जा आणि त्या रविवारी खरोखर या. येणे जमत नसेल तर तसे वचन देऊ नका. गुपचूप गेलेल्या आईचे मूल महिनाभर फाटकाकडे पाहत बसते, हे आम्ही अनेक वर्षे पाहत आलो आहोत.

आता भाषेविषयी थोडे सविस्तर लिहावयाचे आहे.

दरवर्षी ७ नोव्हेंबरला आपण विद्यार्थी दिवस साजरा करतो आणि त्या दिवशीच्या भाषणांत "बाबासाहेब आज पहिलीत बसले" असे वाक्य हमखास येते. इतिहासाचे विद्यार्थी म्हणून येथे एक लहानशी दुरुस्ती करावीशी वाटते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात भिवा रामजी आंबेडकर या नावाने जी नोंद झाली, ती इंग्रजी पहिलीची होती. बाबासाहेब तेव्हा नऊ वर्षांचे होते आणि अक्षरओळख, बाराखडी, अंक हे सारे त्यापूर्वी मराठी इयत्तांतून झालेले होते. त्या मराठी वर्षांचा दिवस कोणी साजरा करीत नाही. परंतु इंग्रजी पहिलीचे ते दार उघडले ते त्यांच्याच बळावर. साताऱ्याच्या शाळेत घरून नेलेल्या गोणपाटावर बसावे लागे आणि शिपायाने ओतल्याखेरीज पाणी मिळत नसे, हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. शिपाई नाही तर पाणी नाही, असा तो हिशोब होता.

हे येथे सांगण्याचे कारण आमच्या एका अपराधाशी निगडित आहे. नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत पहिलीचा वर्ग आमच्याकडे होता. एक मुलगी उभी राहून म्हणाली, "सर, पानी प्याला जाऊ?" आम्ही म्हणालो, "पानी नव्हे, पाणी. पुन्हा म्हण." तिने पुन्हा पानीच म्हटले. आम्ही तिला तीनदा म्हणावयास लावले, आणि वर्ग हसला. आम्हांस वाटले, आम्ही शुद्ध भाषा शिकवीत आहोत. त्यानंतर तिने वर्गात कधीही पाणी मागितले नाही. दिवाळीच्या सुमारास स्वयंपाकघरातल्या मावशींनी सांगितले की ही पोर जेवतानाच काय ते पाणी पिते, मधल्या वेळी माठाकडे फिरकत नाही. वरच्या वर्गांना आम्ही त्याच वर्षी २० मार्च १९२७ चा महाडचा सत्याग्रह शिकवीत होतो.

न आणि ण यांचा भेद आपल्या अनेक घरांच्या बोलीत नाही. पानी, लोनी, कनिस हीच तेथली बोली. त्यात जिभेचा दोष नाही आणि बुद्धीचा तर मुळीच नाही. मात्र याच एका अक्षरावरून माणसाचे घर आणि जात ओळखण्याची खोड आपल्या समाजात जुनी आहे, आणि ती शिक्षकांच्या खोलीतूनही अद्याप पुरती गेलेली नाही. म्हणून पहिलीच्या वर्षात आमची रीत आता अशी : मूल ज्या बोलीत बोलते त्या बोलीत त्याचे ऐकून घ्यावयाचे. ण हे अक्षर शिकविण्याची वेळ येते तेव्हा 'पाणी' हा शब्द फळ्यावर येतो, मुले तो लिहितात, आणि खेळाच्या मैदानावर पुन्हा पानीच म्हणतात. वर्षअखेरीस आपले मूल लिहिताना 'पाणी' आणि बोलताना 'पानी' असे करीत असेल, तर ते ठीक चालले आहे असे समजावे.

याचा दुसरा भाग घरी घडतो. दिवाळीच्या सुटीत आलेले मूल आईला म्हणते, "आई, असं नाही बोलायचं." आई हसते, कोणी शेजारीण कौतुक करते. आम्हांस मात्र हे कौतुक खुपते. सहा वर्षांच्या मुलाने शाळेतून आईच्या बोलण्याची लाज घरी आणावी, यासाठी ही शाळा निघालेली नाही. अशा वेळी आईने रागावू नये आणि गप्पही बसू नये. "शाळंत तसं म्हंत्यात, आपल्या घरात असं म्हंत्यात, तुला दोन्ही येतंय" एवढे म्हणावे. सुटीपूर्वी आम्हीही वर्गात हेच सांगतो.

वाचनाकडे वळू. आमच्या शाळेत पहाटे वंदना होते. महिन्याभरात लहान मूल त्रिशरण-पंचशील खणखणीत म्हणू लागते आणि रविवारी आलेले वडील हरखून जातात. पुढे तेच मूल पाठ्यपुस्तक उघडून पानावर बोट फिरवीत आख्खी कविता म्हणून दाखवते. वडील समजतात, पोर वाचू लागले. ते पाठ असते. यात फसवणूक नाही. बोट, अक्षर आणि आवाज यांचा संबंध आहे हे मुलाला उमगू लागले आहे, आणि वाचनाची ती खरी पहिली पायरी होय. पारख करावयाची असेल तर मधल्याच एका शब्दावर बोट ठेवून "हे काय?" असे विचारावे. मूल पहिल्या ओळीपासून पुन्हा म्हणत त्या शब्दापर्यंत आले, तर वाचन अद्याप यावयाचे आहे. त्यावरून मुलाला बोल लावू नये.

आपल्या मुलांना सर्वांत आधी 'भीम' लिहावयाचे असते. भिंतीवर, पाटीवर, मातीत बोटाने, सर्वत्र तेच. आणि नेमका हाच शब्द त्यांना अवघड जातो. भ आणि म या अक्षरांत फरक डाव्या बाजूच्या एवढ्याशा वळणाचा. त्यात दीर्घ वेलांटी. पाटीवर 'मीम' उमटते, कधी 'भीभ'. एका पालकांनी हे पाहून मुलाच्या पाठीत धपाटा घातला होता, "बाबासायबाचं नावबी लिहिता येईना?" म्हणून. अहो, त्याच वयात घ आणि ध, प आणि ष हेही एकमेकांत मिसळतात. ३ आणि ६ उलटे पडतात. ऱ्हस्व वेलांटी तर उच्चारात अक्षरानंतर आणि लिहिताना अक्षराआधी. मोठ्यांना याची सवय झाली म्हणून त्यातली अडचण दिसत नाही. ही उलटापालट बहुधा दुसरीपर्यंत आपोआप मिटते. मूल फळ्यावरचे डोळे बारीक करून पाहत असेल, किंवा पाठीमागून हाक मारल्यास वळत नसेल, तर मात्र आम्ही अक्षरांचा विचार सोडून डोळे आणि कान तपासून घेतो. कान फुटलेले मूल 'मठ्ठ' ठरविले गेल्याची उदाहरणे आम्ही पाहिली आहेत.

तर, कधी वाचू लागेल? पावसाळाभर गाणी, गोष्टी, चित्रे आणि अक्षरांशी ओळख. दिवाळीनंतर काना, वेलांटी, उकार, मात्रा. संक्रांतीच्या पुढे बहुतेक मुले लहान शब्द जोडून वाचू लागतात. केंद्र शासनाच्या २०२१ च्या निपुण भारत अभियानानेही पहिलीच्या अखेरीस फार मोठे मागणे मांडलेले नाही : चार-पाच सोप्या शब्दांचे अनोळखी वाक्य वाचता यावे, ९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता याव्यात, सोपी बेरीज-वजाबाकी यावी. काही मुले मार्चमध्येही अक्षरांपाशी अडखळतात आणि दुसरीच्या पावसाळ्यात एकाएकी वाचू लागतात. त्यांना मागे ठेवण्याचे कारण नाही.

गणितात एकच गोष्ट सांगण्याजोगी आहे. "एकोणतीस लिही" म्हटले की मूल ३९ लिहिते, आणि त्रेसष्टचे ३६ होतात. त्यात मुलाचे काय चुकले? त्याने जे ऐकले तेच लिहिले. २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक' अशी संख्यावाचनाची रीत आली तेव्हा केवढी थट्टा झाली. थट्टा करणाऱ्यांनी एक दिवस पहिलीच्या वर्गात बसून पाहावयास हवे होते. बाजारात नेऊन सुटे पैसे मोजू दिलेत तर आमचे निम्मे काम होईल. इंग्रजी हा विषय आपल्या राज्यात २००० सालापासून पहिलीपासूनच आहे, तेव्हा पाहुण्यांच्या मुलाशी तुलना करून हळहळू नये. "नंबर कितवा?" हेही विचारू नये, पहिलीत नंबर नसतो, श्रेणी असते. छडीही नसते. शिक्षण हक्क कायद्याने ती बंद केली आहे, आणि "सर, बिनधास्त मारा" अशी परवानगी देणाऱ्या पालकांचे आम्ही ऐकत नाही.

अखेरची बाब कागदाची, पण कोणत्याही अर्थी किरकोळ नव्हे. पहिलीच्या प्रवेशाच्या वेळी शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये मुलाचे नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, धर्म आणि जात यांची जी नोंद होते, ती दाखल्याबरोबर जन्मभर सोबत जाते. गडबडीत सांगितलेले टोपणनाव, अंदाजे सांगितलेली तारीख पुढे दहावीच्या प्रमाणपत्रावर जाऊन बसते. धर्म 'बौद्ध' लिहिल्यास सवलत जाईल या भीतीने काही पालक अद्याप चाचरतात. १९९० साली अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती होऊन बौद्धांचा त्यात समावेश झाला आहे. ही भीती आता बाळगू नये. मात्र जातीच्या प्रमाणपत्रासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो, आणि तो बहुधा आजोबा-पणजोबांच्या शाळेतील रजिस्टरातच सापडतो. ज्यांचे पणजोबा दोनच यत्ता शिकले, त्यांच्या त्या दोन यत्ता आज पणतूच्या उपयोगी पडत आहेत. ज्यांना शाळेची पायरीच चढू दिली नाही, त्यांच्या वंशजांना महसुली कागद धुंडाळावे लागतात.

म्हणून वर्षअखेरीस प्रगतिपुस्तक नेण्यास पालक येतात, तेव्हा आम्ही रजिस्टर उघडून टेबलावर ठेवतो आणि मुलालाच स्वतःच्या नावाची ओळ वाचावयास सांगतो. गेल्या खेपेस एका मुलीने ओळीवर बोट ठेवले, आईचे नाव मोठ्याने वाचले आणि थांबली. रजिस्टरात 'सुमन'ऐवजी 'समन' पडले होते. "सर, उकार राहिला," ती म्हणाली. नोंद आम्हीच केली होती. मुख्याध्यापकांच्या सहीने ती त्याच दुपारी दुरुस्त करून घेतली.